शनिवारच्या तासाला कोणी का येत नाही?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

एका खासगी अभियांत्रिकी महाविद्यालयात चार वर्षांपासून मेकॅनिक्स शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचे हे पत्र आहे. 'टीचर गार्डियन', म्हणजे महाविद्यालयातल्या बोलीत 'टीजी', या नात्याने त्यांच्याकडे प्रथम वर्षाचे वीस विद्यार्थी आहेत. पहिल्या सत्रात त्यांपैकी सहा जणांचे विषय राहिले. मराठवाड्यातल्या एका खेड्यातून आलेल्या मुलाचे तर पाचपैकी तीन विषय गेले. या सहा जणांसाठी त्यांनी दर शनिवारी चार वाजता जादा तास सुरू केला आणि नावांची यादी विभागाच्या फलकावर लावली. पहिल्या शनिवारी पाच जण आले, चौथ्या शनिवारी कोणीच आले नाही. तो मुलगा आता शेवटच्या बाकावर बसतो आणि त्या समोरून येताना दिसल्या की जिना बदलतो. वसतिगृहातले सोबती त्याच्या बोलण्याची नक्कल करत, म्हणून तो बाहेर खोली घेऊन राहतो. मेसमध्ये तो गर्दी ओसरल्यावर जेवायला जातो. त्याचे वडील दर रविवारी संध्याकाळी फोन करून विचारतात, "मॅडम, पोराचं बरं चाललंय ना?" मुलगा सगळ्या विषयांत पास झाला, अशी त्यांची समजूत आहे. सहकारी म्हणतात, मुले अठरा वर्षांची झाली आहेत, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? प्राध्यापिकांचे प्रश्न तीन आहेत. मी शिकवण्यात कमी पडते आहे का? त्याला शिकण्याची इच्छाच नाही का? वडिलांना खरे सांगावे की नाही?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमचे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वाचनात तिसऱ्या पानावरच्या एका ओळीखाली पेन्सिलीने रेघ ओढली. परीक्षेचा फॉर्म भरायची मुदत संपत आली होती, त्याच्याकडे पैसे नव्हते, म्हणून 'मीच भरून टाकले', असे तुम्ही जाता जाता लिहिले आहे. तुम्हाला ती ओळ महत्त्वाची वाटलेली नाही, मला ती पत्रातली सर्वांत महत्त्वाची वाटते. तिच्याकडे मी येईन, पण आधी अभ्यासाचे बोलू, कारण तुमचा पहिला प्रश्न तिथला आहे.

मुलाला इच्छा नाही की तुमचे शिकवणे कमी पडते, असे दोनच पर्याय तुम्ही समोर ठेवले आहेत. मी प्रथम वर्षाला गणित शिकवण्यात आयुष्य घालवले आणि या दोन कारणांनी नापास झालेली मुले मला फार थोडी भेटली. बहुतेक मुले ज्या कारणांनी अडतात ती बाहेरून पाहिली तर क्षुल्लक वाटतील अशी असतात, आणि जादा तासाने ती सुटत नाहीत, कारण जादा तासात आपण तेच पुन्हा, जरा सावकाश आणि जरा मोठ्या आवाजात शिकवतो.

हा मुलगा तुमच्या वर्गात कोणत्या वाटेने आला ते आधी पाहा. सीईटीच्या, म्हणजे राज्याच्या सामायिक प्रवेश परीक्षेच्या, पीसीएम (भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित) गटाची प्रश्नपत्रिका दीडशे प्रश्नांची असते, सगळे प्रश्न बहुपर्यायी असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. बारावीच्या बोर्डात प्रवेशासाठी खुल्या गटाला ४५ टक्के आणि राखीव गटाला ४० टक्के मिळाले की पात्रता पूर्ण होते, म्हणून दोन वर्षे सगळा जीव सीईटीत असतो. अनेक मुलांचे कनिष्ठ महाविद्यालय तर केवळ कागदोपत्री असते. नाव तिथे, शिकणे शहरातल्या क्लासमध्ये, आणि प्रात्यक्षिके परीक्षेच्या आधी आठ दिवसांत उरकलेली. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला अकरावीत पुस्तक इंग्रजी मिळते, पण क्लासमधले सर समजावतात मराठीतच, त्यामुळे इंग्रजी वाक्य सलग वाचून त्याचा अर्थ लावण्याची वेळ त्याच्यावर फारशी येतच नाही. असा मुलगा दीड मिनिटात योग्य पर्याय टिपण्यात तरबेज असतो. आणि आपण त्याला एकदम अडीच तासांचा वर्णनात्मक पेपर देतो, ज्यात आकृती काढायची, गृहीतके लिहायची, पायऱ्या मांडायच्या आणि प्रश्नाच्या पोटातला उपप्रश्न ओळखायचा असतो. हे कौशल्य त्याला कोणी शिकवलेले नसते. सीईटीला चांगले गुण मिळवणारे पोर एम-वनला, म्हणजे पहिल्या सत्राच्या गणितात, नापास कसे झाले, याचे आपल्या स्टाफरूममध्ये दरवर्षी नव्याने आश्चर्य व्यक्त होते. मला त्या आश्चर्याचेच आश्चर्य वाटते.

एक अनुभव सांगतो. माझ्या वर्गातल्या एका मुलाला गणितात दोनदा अपयश आले, तेव्हा तपासलेल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवायला मी त्याला सांगितले आणि ती घेऊन आम्ही एका दुपारी रिकाम्या वर्गात बसलो. गणिते बरोबर होती. पण ज्या ज्या प्रश्नात दुसरा भाग होता, तिथे त्याने पहिला भाग सोडवून खाली रेघ मारली होती. मी एका प्रश्नावर बोट ठेवून विचारले, "इथे पुढे काय विचारलंय?" तिथे 'हेन्स डिड्यूस दॅट' असे लिहून खाली एक समीकरण दिले होते. तो म्हणाला, "सर, ते उत्तर आहे ना? त्यांनीच दिलंय." छापलेले समीकरण म्हणजे पडताळणीसाठी दिलेले उत्तर, असे तो दोन सत्रे समजत होता. 'यावरून सिद्ध करा' हे तीन शब्द मराठीत सांगितल्यावर त्याने माझ्यासमोर तीन ओळींत तो भाग लिहून दाखवला. प्रत्येक प्रश्नामागे तीन-चार गुण त्या रेघेखाली बुडाले होते. मी त्याला वर्षभर पाहत होतो, त्याच्यासाठी जादा तासही घेतले होते, आणि हे मला माहीत नव्हते, कारण मी त्याची वही आणि उत्तरपत्रिका कधी उघडलीच नव्हती.

म्हणून तुम्हाला माझे पहिले सांगणे असे आहे की आणखी एकही तास घेण्यापूर्वी त्या तीन विषयांच्या उत्तरपत्रिका मिळवा. विद्यापीठे शुल्क घेऊन ठरावीक मुदतीत छायाप्रत देतात. ती मुदत टळली असेल, तर तुमच्याच महाविद्यालयाच्या अंतर्गत परीक्षेचे पेपर विभागात असतीलच. गुण नेमके कुठे गेले ते त्याच्याबरोबर बसून बघा. वेळ पुरला नाही, आकृती चुकली, प्रश्न समजला नाही, एकके लिहिली नाहीत, की खरोखरच विषय कळला नाही, यांतल्या प्रत्येकावरचा उपाय वेगळा आहे. तीनही विषय एकदम सोडवायला जाऊ नका. जिथे पासापासून तो सर्वांत कमी गुणांनी दूर आहे तो विषय आधी धरा, मग तो तुमचा मेकॅनिक्स असो वा नसो. एक विषय सुटला की बाकीच्या दोहोंकडे पाहण्याची त्याची नजर बदलते. इंग्रजीची अडचण दिसली, तर 'तुझे इंग्रजी कच्चे आहे' हे वाक्य कृपा करून उच्चारू नका. ते त्याला तुमच्याही आधीपासून माहीत आहे. 'डिराइव्ह', 'जस्टिफाय', 'विथ रिस्पेक्ट टू', 'नेग्लेक्टिंग फ्रिक्शन' असे प्रश्नपत्रिकेत वारंवार येणारे तीस-चाळीस शब्द जुन्या पेपरांतून त्यालाच काढायला सांगा आणि समोर मराठी अर्थ लिहू द्या. एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, ई-कुंभ पोर्टलवर प्रथम वर्षाची मराठी पुस्तके मोफत आहेत. परीक्षा इंग्रजीत द्यायची असली तरी एखादी संकल्पना आधी मराठीत वाचून मग इंग्रजीत लिहिणे ही लाजेची गोष्ट नाही, हे तुमच्या तोंडून त्याने एकदा ऐकावे.

आता शनिवारच्या तासाबद्दल. फलकावर लावलेल्या यादीचे शीर्षक 'स्लो लर्नर्स' असे होते, हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिले आहे. हा शब्द तुमचा नाही, हे मी जाणतो. महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालात मंद गतीने आणि जलद गतीने शिकणाऱ्यांसाठी आपण काय करतो हे दाखवावे लागत आले आहे, म्हणून महाविद्यालयांत तशा यादीची फाइल असते आणि फाइलमधला शब्द हळूहळू फलकावर येतो. पण त्या सहा मुलांच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. चार वाजता त्या वर्गाच्या दारातून आत जाणे म्हणजे व्हरांड्यात उभ्या असलेल्या साठ जणांसमोर 'मी मंद आहे' असे कबूल करणे. पहिल्या शनिवारी पाच जण आले याचेच मला कौतुक वाटते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याबाबत शिक्षणसंस्थांसाठी ज्या मार्गदर्शक सूचना दिल्या, त्यांत गुणवत्तेनुसार विद्यार्थ्यांच्या वेगळ्या तुकड्या पाडणे आणि त्यांना चारचौघांत लाजवणे शक्यतो टाळावे, असेही म्हटले आहे. तेव्हा यादी सोमवारी सकाळी काढून टाका आणि त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट पाहू नका. फाइलमध्ये ती राहू द्या, तिथे ती कोणाला बोचत नाही.

वेळही बदला. शनिवारी चार ही तुमच्या सोयीची वेळ आहे. त्या मुलांपैकी कोणाची त्या वेळची एसटी असेल, कोणी शनिवार-रविवार कुठे काम करून खोलीचे भाडे काढत असेल. सहाही जणांना एकत्र बसवण्याचीही गरज नाही. आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, दोन तासांच्या मधल्या रिकाम्या वेळात, 'मागच्या पेपरातला दुसरा प्रश्न ज्यांना सोडवून बघायचा आहे त्यांनी या' असे सगळ्या वर्गाला सांगा. पास झालेली चार मुलेही येतील आणि त्यांच्या आडोशाने हे सहा जण निर्धास्त येऊन बसतील. तिथे तुम्ही फळ्यावर लिहू नका, त्यांना लिहू द्या. मेकॅनिक्समध्ये वस्तूवरची बले बाणांनी दाखवणारी मुक्तपिंड आकृती, म्हणजे तुमची एफबीडी, मुलाने स्वतः काढल्याशिवाय तो कुठे अडतो ते कळतच नाही. प्रतिक्रिया बलाचा बाण पृष्ठभागाला लंब काढायचा हे तो जाणतो का, की फळ्यावर नेहमी तो उभाच पाहिला म्हणून उतारावरही उभाच काढतो? असा एक बाण दुरुस्त झाला की पुढचे अख्खे गणित दुरुस्त होते.

त्या मुलाला तुम्ही अनेकदा 'काही अडचण आहे का?' असे विचारलेत आणि दर वेळी 'नाही मॅडम' असे उत्तर मिळाले. त्याचे उत्तर खोटे नव्हते. तो प्रश्नच असा आहे की त्याला दुसरे उत्तर नसते. मोठ्या माणसाने, त्यातून बाईंनी, उभ्या उभ्या विचारलेल्या या प्रश्नाचा आपल्याकडच्या मुलाने लावलेला अर्थ 'तक्रार करतोस का?' असा असतो. ज्यांची उत्तरे वस्तूंत आणि वेळांत देता येतात असे प्रश्न विचारा. काल पहिल्या तासाला कुठे होतास? प्रॅक्टिकलला तुझ्या टेबलावर अजून कोण असते? जर्नल कोणाचे पाहून पूर्ण करतोस? रात्री जेवलास किती वाजता? असल्या साध्या चार प्रश्नांतून बहुतेक चित्र उभे राहते. तुमच्या पत्रात एक तपशील असाही आहे की त्याचा प्रवेश कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, शेवटच्या फेरीनंतर झाला. तेव्हा वर्ग सुरू होऊन काही आठवडे गेले असणार. मुलांचे गट, प्रॅक्टिकलच्या बॅचेस आणि व्हॉट्सअॅपवरचे ग्रुप तोवर ठरून गेलेले असतात. नव्या मुलांना एकमेकांची आणि महाविद्यालयाची ओळख व्हावी म्हणून एआयसीटीईने सुरुवातीचा तीन आठवड्यांचा इंडक्शन कार्यक्रम घालून दिला आहे, पण उशिरा आलेल्या मुलाच्या वाट्याला त्यातले काहीच येत नाही. तो वर्गाच्या अनौपचारिक ग्रुपमध्ये आहे का, हे एकदा पाहा. सबमिशनची तारीख बदललेली त्याला कळतच नसेल, तर टर्म वर्कचे गुण जाण्याचे कारण शोधायला मानसशास्त्रात शिरायला नको.

एकटेपणाबद्दल तुम्ही काळजीने लिहिले आहे आणि 'सगळ्यांत मिसळत जा' असे त्याला सांगितले आहे. या सल्ल्याचा कधी कोणाला उपयोग झाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मैत्री सांगून होत नाही, पण काम वाटून देता येते आणि कामातून बोलणे सुरू होते. पुढच्या असाइनमेंटला जोड्या तुम्हीच लावा आणि त्याला वर्गातल्या पहिल्या नंबराबरोबर न बसवता दोन पावले पुढे असलेल्या एखाद्या शांत मुलाबरोबर बसवा. शक्य असेल तर तिसऱ्या वर्षाचा असा विद्यार्थी शोधा ज्याचे पहिल्या वर्षाचे विषय राहिले, म्हणजे ज्याला केटी लागल्या, आणि ज्याने त्या सोडवल्या. गुणवंतांची भाषणे आपण मुलांना खूप ऐकवतो. पडून उठलेला मुलगा कँटीनमध्ये चहा पिता पिता जे सांगतो, म्हणजे कोणता विषय कधी सोडवला, फॉर्म कुठे अडला, घरी कसे सांगितले, ते आपल्यापैकी कोणालाच सांगता येत नाही.

त्याच्या बोलीची नक्कल झाली, या गोष्टीला तुम्ही 'मुलांची थट्टा' म्हटले आहे. माझे मत जरा कडक आहे. एखादा मुलगा खोली सोडून जास्त भाड्याच्या जागी जातो, तेव्हा ती थट्टा राहिलेली नसते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या रॅगिंगविरोधी नियमांत २०१६ साली जी भर पडली, तीत प्रदेश, भाषिक ओळख, जन्मस्थान, आर्थिक स्थिती यांवरून एखाद्याचा छळ करणे किंवा त्याला वाळीत टाकणे हेही रॅगिंग ठरवले आहे. याचा अर्थ उद्याच समिती बोलवा असा नाही. त्याला न विचारता तक्रार केलीत, तर तो आणखी उघडा पडेल. पण हा मार्ग आहे हे त्याला सांगा, वसतिगृहाच्या रेक्टरांच्या कानावर नाव न घेता घाला, आणि स्वतः वर्गात त्याच्याशी बोलताना त्याच्या 'करूलालो', 'जावं लागतंय'ला हसू नका वा सुधारू नका. तुम्ही बोलता तसे वर्ग बोलतो, हे चार वर्षांत तुमच्याही लक्षात आले असेल.

आता ती पेन्सिलीने रेघ ओढलेली ओळ. तुम्ही पैसे भरलेत ते चांगुलपणाने भरलेत आणि त्या दिवशी दुसरा मार्ग नव्हता, हे मला मान्य आहे. पण तारखा जुळवून पाहा. पत्रातल्या मजकुरावरून असे दिसते की दुसऱ्या शनिवारपर्यंत तो तासाला येत होता, फॉर्मची मुदत त्याच आठवड्यात होती, आणि त्यानंतर तो तासाला आला नाही. जिना बदलणेही तेव्हापासूनचे आहे. तुम्हाला वाटते की तो अभ्यासाला टाळतो. मला वाटते की तो धनकोला टाळतो आहे. ज्या घरात कृषी सेवा केंद्राची उधारी आणि सोसायटीचे कर्ज यांवरून आवाज चढतात, त्या घरातल्या मुलाला घेतलेले पैसे परत न देता देणाऱ्यासमोर उभे राहणे किती जड जाते, हे पगारदार माणसाच्या सहज लक्षात येत नाही. तुम्ही विसरून गेला आहात, तो रोज मोजतो आहे. मी अशी चूक दोनदा केली आणि दोन्ही वेळा एकेक विद्यार्थी काही महिने गमावला, म्हणून हे इतक्या खात्रीने लिहितो आहे.

यावर 'राहू दे, परत करू नकोस' हे उत्तर नाही. त्याने ओझे वाढते. पैशाचा विषय तुम्हीच काढा आणि त्याला फेडीची एक लहान, त्याला झेपेल अशी रीत द्या. महिन्याला शंभर रुपये म्हणा, किंवा शिष्यवृत्ती जमा झाल्यावर एकदम म्हणा, पण तारीख ठरवा आणि ते पैसे आले की खरोखर घ्या. त्याच बसण्यात महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचा त्याचा अर्ज कुठवर आला आहे तेही पाहा. राजर्षी शाहू महाराज शुल्क शिष्यवृत्ती, डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठीची स्वाधार योजना, आदिवासी विद्यार्थ्यांसाठीची स्वयम् योजना, यांपैकी तो कशात बसतो हे त्याच्या कागदपत्रांवरून ठरेल. अर्ज दरवर्षी नव्याने पुढे न्यावा लागतो, एखादा दाखला कमी पडला की तो परत येतो, आणि परत आल्याचे मुलाने पोर्टल उघडले नाही तर त्याला कळत नाही. विद्यार्थी विभागातल्या लिपिकाकडे त्याच्याबरोबर एकदा जाऊन उभे राहा. खिशातून दिलेल्या पैशांपेक्षा तुमच्या त्या दहा मिनिटांची किंमत जास्त आहे. पुढे एखाद्यासाठी खरोखर पैसे देण्याची वेळ आली, तर ते महाविद्यालयाच्या विद्यार्थी साहाय्य निधीतून द्यावेत. असा निधी नसेल तर तो सुरू करण्याचा प्रस्ताव मांडावा, म्हणजे मुलगा संस्थेचा ऋणी राहतो, तुमचा नव्हे.

वडिलांबद्दल. आतापर्यंत तुम्ही रविवारच्या फोनवर 'बरं चाललंय काका' असे म्हणत आला आहात. तुम्हाला दोष देत नाही, पण या एका वाक्यामुळे त्या घरातल्या खोट्यात तुम्हीही भागीदार झाला आहात, आणि हे मुलाला ठाऊक आहे. उद्या खरे बाहेर आले की वडील म्हणतील, मॅडमसुद्धा पास म्हणत होत्या, आणि मग त्या घरात तुमच्या शब्दाला काही किंमत राहणार नाही. दुसऱ्या टोकाला जाऊन पुढच्या रविवारी सगळे सांगून टाकलेत, तर वडील मुलावर संतापतील आणि मुलगा तुमच्यावरचा उरलासुरला विश्वास काढून घेईल. मुलगा सज्ञान आहे म्हणून घरी काही कळवायचेच नाही, हा सहकाऱ्यांचा युक्तिवादही मला पटत नाही. फी वडील भरतात, खोलीचे भाडे वडील देतात, आणि आपल्याकडे अठराव्या वाढदिवशी कोणी घराबाहेर पडत नाही. पण निकाल त्याचा आहे, तेव्हा तो सांगण्याचा पहिला हक्क त्याचा आहे.

त्याला सांगा की वडिलांशी मी यापुढे खोटे बोलणार नाही, तू दहा दिवसांत स्वतः सांग, हवे तर माझ्या समोर बसून फोन कर. आणि त्याची तयारी करून घ्या. मी एकदा असा फोन माझ्या टेबलावरून लावून दिला होता. मुलाला वाटत होते की वडील शिव्या देतील, शिक्षण बंद करून शेतावर बोलावतील. वडील थोडा वेळ गप्प राहिले आणि मग त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: "मग आता वर्ष वाया जातंय का? आणि पैसे किती वाढतील?" मुलाकडे दोन्हींची उत्तरे नव्हती आणि तो रडू लागला, त्यामुळे पलीकडचा माणूस घाबरला आणि मग चिडला. तो राग माझ्या चुकीचा होता. तेव्हापासून मी मुलांना आधी एक कागद लिहायला लावतो. कोणते विषय राहिले, ते पुन्हा कधी देता येतात, दुसऱ्या वर्षाला जाण्यासाठी किती विषय सुटावे लागतात, परीक्षा शुल्क किती, शिष्यवृत्तीवर परिणाम होतो का. केटीचे नियम विद्यापीठागणिक आणि अभ्यासक्रमाच्या पॅटर्नगणिक बदलतात, म्हणून ही माहिती मित्राच्या तोंडून न घेता परीक्षा विभागातून घ्यायची. हातात तो कागद असला की फोनवर मुलगा निकाल सांगतो, कबुलीजबाब देत नाही. मधल्या रविवारी वडिलांचा फोन आलाच, तर 'काका, अभ्यासाचं तोच तुमच्याशी सविस्तर बोलणार आहे, आमचं तसं ठरलंय' इतकेच म्हणा. ते खोटेही नाही आणि चहाडीही नाही. घरी मारहाणीची भीती आहे असे त्याच्या बोलण्यातून दिसले, तर मात्र हा क्रम बदला आणि आधी महाविद्यालयाच्या समुपदेशकाला मध्ये घ्या.

इथेच एक मर्यादा स्पष्ट करतो. जेवण उशिरा होणे आणि एकटे बसणे याला आजार म्हणायची घाई नको, पण झोप उडाली आहे, अंघोळ-कपड्यांकडेही लक्ष नाही, जवळच्या वस्तू वाटून टाकतो आहे, 'माझ्यामुळे सगळ्यांना त्रास' किंवा 'मी नसलेलो बरं' असे काही बोलतो आहे, यांपैकी काही दिसले तर वाट पाहू नका. त्याला सरळ विचारा की जीव द्यावासा वाटतो का. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही. एकटे सोडू नका, समुपदेशकाला आणि विभागप्रमुखांना त्याच दिवशी सांगा, आणि अशा वेळी दहा दिवसांची मुदत, गुप्तता वगैरे सगळे बाजूला ठेवून घरीही कळवा. टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत आणि मराठीत बोलता येते. तो क्रमांक वीसही मुलांच्या मोबाइलमध्ये आजच असू द्या, म्हणजे एकट्याला दिल्यासारखे वाटणार नाही. तुमच्या महाविद्यालयात समुपदेशक 'कागदावर आहे', असे तुम्ही लिहिता. मी वर सांगितलेल्या न्यायालयाच्या सूचनांप्रमाणे शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असायला हवा आणि कर्मचाऱ्यांचे प्रशिक्षण वर्षातून किमान दोनदा व्हायला हवे. हे पत्राने प्राचार्यांच्या निदर्शनास आणा, आणि एकटीने न आणता चार सहकाऱ्यांच्या सह्यांनी आणा. तुमची नोकरी कंत्राटी आहे, हे मी विसरलेलो नाही.

सहकाऱ्यांना मी निर्दय म्हणणार नाही. आठवड्याचे तास, पेपर तपासणे, फाइली, प्रवेशाच्या दिवसांत गावोगाव फिरणे, या सगळ्यात वीस मुलांचे पालकत्व हे आणखी एक काम म्हणून अंगावर येते आणि त्याची गणना कुठेच होत नाही. तुम्हीही वीस जणांना सारखा वेळ देऊ शकणार नाही, आणि देऊ नये. चौदा जणांना महिन्यातून एकदा भेटलात तरी पुरे. या सहा जणांना आठवड्याला दहा-दहा मिनिटे द्या, बसून, दार उघडे ठेवून, हातात वही घेऊन. रात्री नऊनंतर मुलांचे फोन घेऊ नका आणि तसे त्यांना आधीच सांगा, आणीबाणी वगळून. टीजीच्या पुस्तिकेत हजेरी, गुण आणि ठरलेली कामे एवढेच लिहा. घरातली भांडणे, कर्ज, रडणे हे तिथे लिहू नका, कारण ती पुस्तिका पाहणी समितीपुढे टेबलावर उघडी पडते आणि मुलाने विश्वासाने सांगितलेले कोणीतरी अनोळखी माणूस चहाच्या कपासोबत वाचतो.

त्याने अभियांत्रिकी सोडावी का, हाही विचार तुमच्या मनात येऊन गेलेला दिसतो. काही मुलांनी सोडावी, हे खरे आहे, आणि त्यात अपमान काही नाही. पण नापास झालेल्या महिन्यात हा प्रश्न विचारला की त्याचे उत्तर निकाल देतो, मुलगा देत नाही. एक विषय सुटू द्या, मग दुसऱ्या सत्राच्या शेवटी एखाद्या निवांत दुपारी विचारा.

पुढचा फोन रविवारी येईल, त्याआधी शुक्रवारी त्याला गाठा. निरोप कोणाहाती पाठवू नका आणि वर्गात नाव घेऊन बोलावू नका. प्रॅक्टिकल संपल्यावर तो जर्नल सही करून घ्यायला येईल तेव्हा, बाकीचे गेल्यावर, बसायला सांगा आणि पहिले वाक्य पैशांचे बोला.